साखळीच्या आत

१

सकाळची कॉफी तिघींची आपण करायची, हे उशियाने आल्या आल्याच ठरवून टाकलं होतं. परक्या गावात माणसाला काहीतरी हक्काचं काम लागतं, म्हणून तिने हे धरलं. स्पेनमधल्या लुगोहून निघताना आईने टॉवेलात गुंडाळून दिलेली कॉफीची छोटी किटली शेगडीवर चढवायची, आतून घरघर ऐकू येईपर्यंत खिडकीतून खालचं अंगण बघत उभं राहायचं. बर्चची झाडं, सायकलींची रांग, सतरंज्या झटकायचा लोखंडी दांडा. ऑगस्ट सरत आला होता, तरी उत्तरेकडच्या या तुर्कू शहरात उजेड पहाटेपासून संध्याकाळ उलटेपर्यंत हटत नव्हता.

किटली बोलू लागली की बोळातला दिवा लागायचा. बोळ स्वयंपाकघराच्या दारातून निघायचा आणि उजवीकडे वळायचा. वळणाअलीकडे बाहेरचं दार, उशियाची खोली आणि न्हाणीघर, वळणापलीकडे समोरासमोर दोन खोल्या. बोळाला खिडकी नव्हती, म्हणून छताला माणसाची चाहूल लागली की आपोआप पेटणारा दिवा बसवला होता. पेटताना तो 'टक्' असा आवाज करायचा आणि थोड्या वेळाने आपला आपण विझायचा. टक् झालं की उशिया ओळखायची, कुणीतरी उठलं. मग इलिंका यायची, केस विस्कटलेले, पायात लोकरी मोजे, हातात फोन आणि फोनमध्ये तिची आई. नाहीतर सिग्ने यायची.

एका सकाळी उशियाने मागे वळून पाहिलं तर सिग्ने दारात उभी. टक् झालेलं नव्हतं.

"दिवा बिघडला वाटतं," उशिया म्हणाली.

"कुठला दिवा?" सिग्ने हसली आणि नेहमीच्या जागी, खिडकीकडे पाठ करून बसली.

उशियाने बोळात पाऊल टाकलं. टक्. दिवा चांगला लख्ख पेटला. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग किटली उतू जाईल म्हणून परत फिरली. दिवेच ते, कधी लागतात, कधी नाही लागत. पुढे त्या सकाळची आठवण आली की तिला वाटायचं, किटली जाऊ द्यायची होती उतू.

२

ती आली त्या दिवसाचं तिला नीट आठवत होतं. दोन बॅगा जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवताना दम लागला होता. दारावरच्या पट्टीवर कुणा जुन्या भाडेकरूंची नावं होती. तिने कुलपात किल्ली घातली, आणि ती फिरवली की न फिरवली तोच दार उघडलं. आत सिग्ने उभी होती. सडपातळ, फिकट केसांची, चेहऱ्यावर असा भाव की जणू सकाळपासून हिचीच वाट बघत होती.

"आलीस? ये गं, नेना."

नेना. लुगोकडे आया लाडाने पोरींना म्हणतात तसं. उशियाचे डोळे भरूनच आले. घरून निघाल्यापासून कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. हा शब्द हिला कसा ठाऊक, हा प्रश्न पडायला हवा होता. पण दमलेल्या माणसाला मायेचा शब्द मिळाला तर तो कुठून आला हे तो कशाला विचारतो?

दोघी स्वयंपाकघरात आल्या. टेबलाशी सफरचंद चिरत बसलेली मुलगी धडपडत उठली. "या, या! बसा ना! मी इलिंका. यासीची. रोमेनिया. परवाच आले. भूक लागली असेल ना? माझ्याकडे आईने केलेली चटणी आहे, वांग्याची आणि मिरचीची, अगदी बोटं चाटाल!"

इलिंका वाईट नव्हती. फार होती, इतकंच. बोलणं फार, हसणं फार, विचारपूस फार. उशिया बाजारात निघाली की हिने बूट चढवलेच म्हणून समजा. रजई आणायला गेल्या तेव्हा ती भली मोठी गुंडाळी इलिंकाने बस थांब्यापासून जिन्यापर्यंत डोक्यावर वाहून आणली, आणि सगळ्या वाटभर आपल्या मावशीच्या घटस्फोटाची गोष्ट सांगितली. रोज संध्याकाळी ती चटणीची बरणी मध्ये ठेवायची. "खा ना गं, लाजतेस काय!" फोनवर आईला ओरडून सांगायची, "हो, हो, ही बघ, हीच ती उशिया, माझी मैत्रीण!" आणि फोन तिच्या तोंडासमोर धरायची. दूर कुठल्याशा स्वयंपाकघरातली रुमाल बांधलेली बाई हात हलवायची, उशियाही ओशाळून हात हलवायची. आठवडाही झाला नाही ओळखीला, आणि मैत्रीण?

सिग्नेचं तसं नव्हतं. ती ऐकायची. विद्यापीठात पहिल्या तासाला उशियाला एक शब्द कळला नाही, सगळे टिपणं काढत होते आणि ती नुसती पेन हलवत होती, हे तिने सिग्नेला सांगितलं. आईला फोनवर "मजेत आहे" म्हणून सांगते आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडते, हेही सांगितलं. सिग्ने इकडच्याच बेटांवरची होती, निदान ती तसं म्हणायची. बाहेर फारशी पडत नसे. "मला गर्दी सोसत नाही," म्हणायची. पण घरी परतलं की ती असायचीच. त्या दिवसांत उशियाला तेवढंच हवं होतं.

सिग्ने आली की इलिंका गप्प व्हायची. ताटात बघून भराभर जेवायची आणि उठायची. उशियाला वाटायचं, जळते बिचारी.

एकदा इलिंका उठता उठता म्हणाली, "तुमचं दोघींचं तुमच्या भाषेत सुरू झालं की मी आपली परकी."

"आमची कुठली भाषा? इंग्रजीतच तर बोलतो."

इलिंकाने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "बरं बाई, इंग्रजी तर इंग्रजी," असं म्हणून बशी धुवायला लागली.

३

तळघरात कपडे धुवायची खोली होती, तिची किल्ली वेगळी मिळायची. ती आणायला उशिया वसतिगृहाच्या कचेरीत गेली. खिडकीपलीकडे नाकात वाळी घातलेली एक हसरी मुलगी बसली होती.

"दोनच किल्ल्या देते हं," ती म्हणाली. "तिसरी मुलगी आली की तिची तिला देऊ."

"आलो आहोत की आम्ही तिघी."

"नाही गं." तिने संगणकाच्या पडद्यावर नजर टाकली. "तिसरी पोलंडहून यायची आहे. तिचं लांबलंय, पुढच्या महिन्यात येईल. तुमच्याकडे सध्या दोघीच आहात."

उशिया हसली. मग हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि आतून काहीतरी निसटलं.

"दोघी कोण? म्हणजे माझ्याशिवाय दुसरी कोण?"

"नावं नाही सांगता येत आम्हाला, नियम आहे." ती मुलगी डोळे मिचकावत म्हणाली, "एका घरात राहता आणि मला विचारतेस? कुणाची पाहुणी उतरलीय का? दोन-चार रात्री चालतं. पण मग मात्र घालवा तिला, काय?"

मागे रांग होती. उशियाने किल्ल्या उचलल्या आणि "हो, पाहुणीच आहे," असं पुटपुटत बाहेर आली.

नदीकाठाने चालताना तिने स्वतःला समजावलं. एखादीला भाड्याची खोली मिळाली नसेल, ओळखीच्या कुणाकडून किल्ली मिळवून राहत असेल गुपचूप. पहिल्या दिवसांत असं कितीजण करतात. लाजेने सांगत नसेल, बस. यात घाबरण्यासारखं काय आहे? औरा नदीवर बोटी होत्या, बोटींवर लोक बिअर पीत होते, लहान मुलं आइस्क्रीम खात होती. काहीच नव्हतं घाबरण्यासारखं. तरी जिना चढताना तिची पावलं आपोआप हळू झाली. दारासमोर किल्ली हातात धरून ती उभी राहिली. आत दोघी होत्या, आणि त्यातली एक नव्हती.

४

दार उघडल्यावर समोर इलिंकाच आली.

"तुझी खोली कुठली गं?" उशियाने विचारलं. आवाज सहज यावा म्हणून बूट काढायला वाकून विचारलं.

"डावीकडची! किती दिवस म्हणतेय, ये ये म्हणून. आईने विणलेला गालिचा टाकलाय मी, बघ तरी. चल, आत्ताच चल!" तिने उशियाचा हात धरला.

तिचा हात गरम होता, जरा ओलसर. बोळ वळणापाशी काळोखा होता. तिच्याबरोबर एकटीने त्या वळणापलीकडे जायला उशिया तयार नव्हती. तिने हात सोडवून घेतला.

"नंतर. डोकं दुखतंय माझं."

"कधीही ये," इलिंका म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

स्वयंपाकघरात सिग्ने बसली होती. उशियाने दार लोटलं आणि तोच प्रश्न तिला विचारला.

"डावीकडची," सिग्ने म्हणाली. "उजवीकडची बंद असते. हलवून बघ हवं तर."

"पण इलिंका म्हणते, डावीकडची तिची."

सिग्ने तिच्याकडे बघत राहिली. एखादं मूल अवघड शब्द वाचताना आपण धीर धरून थांबतो तसं.

"तुला तिच्याविषयी काय माहीत आहे, नेना?" तिने अखेर हळूच विचारलं. "ती जे सांगते, तेवढंच ना? ती तुझ्या मागे मागे का असते? तुला सोडून दुसऱ्या कुणाशी बोलताना पाहिलंस तिला?"

"आईशी बोलते फोनवर."

"फोनवर," सिग्ने म्हणाली.

उशियाला ती रुमाल बांधलेली बाई आठवली. हलणारा हात. पडद्यावरचा हात काय, कुणाचाही असू शकतो.

"बोळातला दिवा बघ," सिग्ने म्हणाली. "माणूस असेल तर तो लागतो. ती येईल तेव्हा कान दे."

"त्या दिवशी तू आलीस तेव्हाही लागला नव्हता."

"माझ्या जरा आधी कुणीतरी गेलं असेल तिथून. आधीच पेटलेला असला तर पुन्हा आवाज कसा करेल?"

हे पटण्यासारखं होतं. उशिया हो म्हणाली. थोड्या वेळाने ओला टॉवेल न्हाणीघरात टाकून ती परत येऊन बसली, आणि कान देऊन राहिली. बोळात लोकरी मोज्यांची मऊ पावलं आली. दारात इलिंका उभी राहिली, खांद्याला पिशवी.

टक् झालं नव्हतं.

"दूध संपलंय, घेऊन येते," इलिंका म्हणाली. "तुला काही आणू? डोकेदुखीची गोळी? वेलचीचा बन? आण म्हणालीस तर आणते हं, अगदी ताजा."

उशियाने नकाराची मान हलवली. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला, मग जिन्यातली पावलं.

सिग्नेला मात्र तिने एकदाही म्हटलं नाही, की दाखव तुझी किल्ली. का नाही म्हटलं? विसरली नव्हती ती. मागून बघितली असती आणि सिग्नेकडे किल्ली नसती, तर मग तिला आपलं म्हणायला कोण उरलं असतं?

५

"साखळी लाव," सिग्ने म्हणाली.

"तू लाव."

"मला नाही जमत ती. तू लाव."

दाराला आतून पितळी साखळी होती. ती लावली की बाहेरून किल्ली फिरवली तरी दार चार बोटंच उघडायचं. उशियाने ती खाचेत सरकवली. लहानसं, साधं काम. त्यानंतर दोघी बोळात उभ्या राहिल्या. दिवा पेटला, विझला, उशिया हलली तसा पुन्हा पेटला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून संध्याकाळचा पिवळा उजेड फरशीवर लांबवर पडला होता. खाली कुणीतरी सतरंजी झटकत होतं. धप्, धप्.

इलिंका शीळ घालत जिना चढली. किल्ली फिरली, दार उघडलं आणि साखळीला अडकलं.

"अगं, साखळी!" ती हसली. फटीत तिचा एक डोळा, अर्धं नाक आणि बनाची कागदी पिशवी दिसत होती. "काढ ना. बन आणलाय तुझ्यासाठी, नको म्हणालीस तरी."

"तू कोण आहेस?" उशियाने विचारलं.

"काय?"

"इथे दोघीच राहतात. कचेरीत सांगितलं मला. तू कोण आहेस?"

इलिंका पुन्हा हसली, पण हसू मध्येच थांबलं. "म्हणजे तुला... थांब. दोघीच? म्हणजे ती इथली नाही?"

"कोण ती?"

"तुझी ती. सिग्ने." इलिंकाचा आवाज खाली आला. "उशिया, ती तुझ्याबरोबर आली ना? त्या दिवशी तू किल्लीने दार उघडलंस आणि तुझ्या मागोमाग ती आत आली. मी टेबलाशी बसले होते, मी पाहिलं. मला वाटलं तुझी मैत्रीण आहे, तुझ्या गावची. तुमच्या भाषेत तर बोलता."

"दार तिने उघडलं. आतून."

"आत मी होते, उशिया. एकटी मीच होते."

बोळातला दिवा विझला. उशिया हललीच नव्हती. काळोखात फटीतून येणारा जिन्यातला उजेड तेवढा इलिंकाच्या गालावर होता, आणि गाल ओला होता.

"मला तिची भीती वाटते," इलिंका कुजबुजली. "पहिल्यापासून वाटते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तू तिच्याशी बोलताना इतकी खूश दिसायचीस. साखळी काढ. नाहीतर तू बाहेर ये. ये ना गं, आपण खाली जाऊ, कुणाला तरी सांगू."

उशियाचा हात वर गेला. साखळी अशी होती, की ती काढायची तर आधी दार पूर्ण लोटून घ्यावं लागे. तिने दार लोटलं. बाहेरून इलिंका म्हणाली, "हां, शाबास."

मागून, अगदी कानाशी सिग्ने म्हणाली, "कशी रडते बघ. अगदी खरं वाटतं ना?"

आणि उशियाचा हात साखळीवरच राहिला.

किती वेळ, ते तिला कधी सांगता आलं नाही. बाहेर इलिंका वाट बघत होती. मग तिने दारावर बोटांनी टकटक केलं. मग तळव्याने. "उशिया?" मग नुसतं, "अगं." त्या 'अगं'मध्ये राग नव्हता. आपल्याला मुद्दाम बाहेर ठेवलंय हे नुकतंच कळलेल्या माणसाचा तो आवाज होता. उशियाला तो ओळखीचा होता. शाळेत कधीतरी तिचाही तसा झाला होता.

मग पावलं खाली उतरत गेली.

६

ती वळली तर बोळात कुणी नव्हतं.

स्वयंपाकघरातही नव्हतं. "सिग्ने?" तिने हाक मारली. वळणापलीकडे पाहिलं. टक्, दिवा पेटला. दोन बंद दारं. तिने दोन्ही हलवली, दोन्ही कुलूपबंद होती. मग तिने बाहेरच्या दाराकडे पाहिलं. साखळी जशीच्या तशी खाचेत होती.

खिडकीशी यायला तिला धैर्य गोळा करावं लागलं.

खाली अंगण सोनेरी झालं होतं. तळमजल्यावरचे म्हातारे गृहस्थ दांड्यावर सतरंजी टाकून दम खात उभे होते. इलिंका सायकलींजवळून फाटकाकडे चालली होती. हातात दुधाचा खोका, खांदे पडलेले. आणि फाटकापाशी तिला कुणीतरी गाठलं. इलिंका थबकली. वळली. तिचा चेहरा एवढ्या उंचावरूनही उशियाला दिसला. तो आधी कसनुसा झाला, आणि मग एकदम उजळला. रुसलेलं मूल, घरातून कुणी बोलवायला आलं की उजळतं तसा.

त्या दुसरीने इलिंकाच्या पाठीवर हात ठेवला. दोघी नदीच्या दिशेने निघाल्या. इलिंकाने कागदी पिशवीतून बन काढला आणि मोडून अर्धा तिला दिला.

उशियाला त्या दुसरीची फक्त पाठ दिसत होती. फिकट केस नव्हते. आखूड काळे केस होते. डावा खांदा जरा खाली झुकलेला. अंगात आईने विणलेला मातकट स्वेटर, कोपरावर ठिगळ लावलेला.

उशियाने हळूच आपल्या कोपराला हात लावला. बोटांना ठिगळ लागलं.

तिने हाक मारायला हवी होती. काच ठोकायला हवी होती. तिने खिडकीची कड घट्ट धरली आणि मनात एकच गोष्ट घोकत राहिली, की त्या दुसरीने मागे वळून बघू नये, तिने मागे वळून बघू नये. दोघी बर्चच्या झाडांआड गेल्या. आधी इलिंकाचा आवाज ऐकू येईनासा झाला, मग सतरंजी पुन्हा वाजू लागली. मगच उशियाचे पाय सुटले. साखळी काढताना ती दोनदा हातातून निसटली. ती जिना उतरून धावत फाटकापर्यंत गेली, नदीपर्यंत गेली, पुलावर गेली, परत आली, नावाने हाका मारत सुटली. लोक वळून बघत होते.

काठाच्या पायऱ्यांवर दुधाचा खोका नीट उभा करून ठेवलेला होता.

७

पोलिसांना तिने सगळं सांगितलं. दोघी पोलीस सौजन्याने ऐकत होत्या. बंद खोल्या उघडल्या गेल्या. डावीकडच्या खोलीत इलिंकाचा गालिचा होता, लाल-काळा, भिंतीवर बहीण-भावांचे फोटो, टेबलावर उशियाला आवडणाऱ्या बिस्किटांचा न फोडलेला पुडा. उजवीकडच्या खोलीत गादी अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. खालच्या गृहस्थांनी सांगितलं, ती रोमेनियन मुलगी एकटीच गेली, काहीतरी बोलत होती, फोनवर असेल. आणि ही स्पॅनिश मुलगी तेव्हा वर खिडकीतच उभी होती, मी पाहिली. सिग्ने नावाच्या मुलीची कुणालाच काही माहिती नव्हती. पोलिसांनी उशियाला बोलायला एक डॉक्टर दिला. नदीत शोध झाला. इलिंका सापडली नाही.

उशिया खोली बदलून दुसऱ्या इमारतीत गेली. बोळातल्या दिव्याचा उलगडा तिला फार उशिरा झाला, एका तासाला, फळ्याकडे बघता बघता. टॉवेल. त्या दिवशी टॉवेल टाकायला आपणच बोळातून गेलो होतो. दिवा आपणच पेटवला होता, तो पेटलेलाच होता, म्हणून इलिंकासाठी टक् झालं नाही. आणि त्या सकाळी सिग्ने दारात उभी होती तेव्हा तो विझलेला होता. आपण पाऊल टाकल्यावर पेटला. इतकं सोपं होतं. ती वर्गातून उठून गेली.

ऑक्टोबरात, पानं पिवळी होऊन गळत होती तेव्हा इलिंकाची आई सामान न्यायला आली. दोम्निका तिचं नाव. रुमाल तोच, फोनमधला. तरुणपणी तिने स्पेनमध्ये स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत काम केलं होतं, त्यामुळे तिला स्पॅनिश येत होतं. कचेरीने कळवलं म्हणून उशिया मदतीला गेली. न जाण्याचं तिला धाडस झालं नाही.

दोघींनी कपडे भरले. गालिचा गुंडाळला. अर्धी संपलेली चटणीची बरणी दोम्निकाने उजेडात धरून पाहिली.

"खायचीस का तू?"

"हो," उशिया म्हणाली. एकदाच खाल्ली होती.

"ती सांगायची. उशियाला फार आवडते, अजून पाठव." दोम्निका पलंगाच्या कडेवर बसली. "बस पोरी, जरा. एक विचारायचं होतं. पोलिसांना मी सांगितलं, पण ते म्हणतात, तुमची मुलगी तुमच्या समाधानासाठी तसं बोलली असेल. घाबरलेली मुलं आईला बोलतात तसं."

उशिया बसली.

"त्या संध्याकाळी तिने मला फोन केला होता. नदीवरून. दोन शब्दच बोलली. आवाज रडून बसलेला, पण हसत होती. म्हणाली, आई, आमचं भांडण झालं होतं, पण मिटलं बघ. उशिया आली माझ्यामागे धावत. माफी मागितली तिने. आता आम्ही दोघी मिळून बन खातोय." दोम्निकाने रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "ते म्हणतात, तेव्हा तू खाली गेलीच नव्हतीस. तू खिडकीत होतीस. पण माझी मुलगी खोटं बोलत नाही, बाळ. काहीही असेल, पण खोटं नाही. तूच सांग. गेली होतीस ना?"

खोलीत उघड्या बॅगेचा, लोकरीचा, इलिंकाच्या साबणाचा वास होता. उशियाने त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. 'नाही' म्हटलं तर इलिंका शेवटी एकटी होती आणि आईशी खोटं बोलली. 'नाही' म्हटलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की मग तिच्याबरोबर कोण होतं. आपण जे करायला हवं होतं ते त्या संध्याकाळी कुणीतरी केलं होतं. जिना उतरून गेलं होतं, माफी मागितली होती, पाठीवर हात ठेवला होता.

"गेले होते," उशिया म्हणाली.

दोम्निकाने डोळे मिटले. मग तिने उशियाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खरबरीत, गरम, जरा ओलसर हात.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं."

ती तशीच बसून राहिली. हात सोडला नाही. आणि मग तिने विचारलं, रागाने नाही, संशयानेही नाही, खरंच समजून घ्यायचं होतं म्हणून विचारलं,

"मग तिला सोडून परत का आलीस गं, पोरी?"